परदेशी चलनाची पडतळ काढा, मगच कार्ड पुढे करा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-भिवंडीपासून कोकणापर्यंतची अनेक कुटुंबे आठ-दहा दिवसांसाठी दुबईला जातात. कोणाचा भाऊ तिकडे नोकरीला असतो, कोणाची मुलगी तिकडे दिलेली असते. तिकीट, व्हिसा, सामान यांचा हिशेब महिनाभर आधी मांडला जातो. राहून जातो तो एकच हिशेब, दिरहम कोठून आणि कसे विकत घ्यायचे याचा. तो निघण्याच्या आदल्या दिवशी घाईघाईत उरकला जातो आणि नेमकी तेथेच खिशाला चाट बसते.

आमच्या बाजारातील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. हे गृहस्थ क्रेडिट कार्ड वापरतात, पण दर महिन्याची पूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरून टाकतात. व्याज घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा कटाक्ष. गेल्या सुट्टीत त्यांनी मनी चेंजरकडून दिरहम घेतले आणि सवयीप्रमाणे कार्ड पुढे केले. परत आल्यावर बँकेचे विवरणपत्र पाहतात तो काय, तो व्यवहार 'रोख उचल' म्हणून नोंदलेला, त्यावर शुल्क आणि वर व्याज! "मी तर एक दिवसही उशीर केला नाही, मग व्याज कसले?" असे त्यांनी आम्हांला विचारले. त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर सर्वच वाचकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

बँक त्याला खरेदी मानत नाही

कार्डावर कापड घेतले तर ती खरेदी. पण नोटा घेतल्या तर बँकेच्या दृष्टीने आपण कार्डावर रोख पैसे उचलले. प्रत्येक दुकानाला त्याच्या धंद्यानुसार एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. चलन बदलणाऱ्यांचा क्रमांक वेगळा असतो आणि तो दिसताच अनेक बँका रोख उचलीचे नियम लावतात. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत अशा उचलीला लागू होत नाही. व्याजाची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून मुदतीत पूर्ण पैसे भरूनही आमच्या स्नेह्यांना व्याज लागले. नियम कार्डासोबतच्या माहितीपत्रकात छापलेला होता, पण ते बारीक टायपातले पत्रक वाचतो कोण?

आता हिशेब पाहू

भाव रोज बदलतात, तेव्हा पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरावेत. समजा, आपल्याला ३,००० दिरहम हवे आहेत. पहिला मनी चेंजर २४ रुपये ४० पैसे भाव सांगतो आणि पैसे बँक खात्यातून मागतो. दुसरा २४ रुपये ३० पैसे सांगतो आणि कार्ड घेतो. वरवर पाहता दुसरा स्वस्त.

पहिल्याकडे ७३,२०० रुपये झाले. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात साधारणतः रकमेचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर घेतात. येथे तो १३२ रुपये होतो. एकूण ७३,३३२ रुपये, म्हणजे दिरहमची पडतळ २४ रुपये ४४ पैसे.

दुसऱ्याकडे ७२,९०० रुपये आणि कर १३१ रुपये. कार्डासाठी दुकानदाराने २ टक्के, म्हणजे १,४५८ रुपये जादा लावले, तर कार्डावर ७४,४८९ रुपये चढले. बँकेने २.५ टक्के रोख उचलीचे शुल्क घेतले, तर १,८६२ रुपये आणि त्यावर जीएसटी ३३५ रुपये. महिना ३.५ टक्के दराने वीस दिवसांचे व्याज १,७३८ रुपये आणि त्यावरही जीएसटी ३१३ रुपये. एकूण ७८,७३७ रुपये. पडतळ २६ रुपये २५ पैसे! दहा पैसे वाचवायला गेलो आणि ५,४०५ रुपये घालवून बसलो.

माल घेताना आपण हमाली, भाडे, दलाली, कर सारे धरून पडतळ काढतो. नुसत्या गाठीच्या भावावर कोणी सौदा करत नाही. चलनालाही तोच नियम लावावा. खात्यातून एकूण गेलेले रुपये भागिले हातात आलेले दिरहम, हाच खरा भाव.

पैसे कसे द्यावेत?

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे आपल्या बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीने पैसे पाठवणे. जानेवारी २०२० पासून बचत खातेदारांना ऑनलाइन एनईएफटीसाठी शुल्क पडत नाही. रक्कम ५० हजार रुपयांच्या आत असेल तर रोखही देता येते, त्यावर असेल तर चेक, खाते किंवा कार्ड असा बँकेचाच मार्ग धरावा लागतो. डेबिट कार्ड देणार असाल तर दुकानदार काय जादा लावतो आणि आपली बँक काय कापते हे आधी विचारावे. क्रेडिट कार्ड या कामासाठी पाकिटातून बाहेरच काढू नये.

मनी चेंजर रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलाच असावा आणि पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. दोन-तीन ठिकाणी भाव विचारताना 'सर्व धरून किती रुपये द्यायचे?' एवढाच प्रश्न विचारावा. विमानतळावरील खिडकीचा भाव बहुधा महाग असतो, म्हणून हे काम आठवडाभर आधी करावे. दुबईसाठी दिरहमच घ्यावेत. इकडे रुपयांचे डॉलर आणि तिकडे डॉलरचे दिरहम केले तर दोनदा कसर द्यावी लागते. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर बाळगून दिरहमच्या भावात काही लाभ होत नाही.

तिकडे गेल्यावर

प्रत्येक प्रवासी एका फेरीत साधारणपणे ३,००० डॉलरइतक्या किमतीच्याच परकीय नोटा नेऊ शकतो. बाकीची रक्कम परकीय चलनाच्या प्रीपेड कार्डावर भरून नेता येते. हे कार्ड दिरहमचेच असावे. डॉलरच्या कार्डावरून दिरहम खर्च केले तर पुन्हा बदलाचे शुल्क पडते. भरणा करण्याचे, एटीएममधून पैसे काढण्याचे आणि कार्ड बंद करण्याचे शुल्क आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

आपले भारतीय क्रेडिट कार्ड तिकडच्या दुकानात चालवले तर अनेक बँका ३.५ टक्क्यांपर्यंत परकीय चलन आकार आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणजे शंभर रुपयांमागे सव्वाचार रुपयांच्या आसपास गेले. शिवाय तिकडचे यंत्र कधी कधी विचारते, 'रुपयांत द्यायचे की दिरहममध्ये?' आपला ओळखीचा रुपया पाहून माणूस तेथे बोट ठेवतो आणि फसतो, कारण मग भाव दुकानाच्या बाजूचे लोक ठरवतात. नेहमी दिरहमच निवडावेत. आणि कार्डावरून एटीएममधून रोख काढाल तर वर सांगितलेले रोख उचलीचे शुल्क व व्याज तेथेही पाठ सोडत नाही.

उरलेले दिरहम

परत आल्यावर उरलेल्या नोटा कपाटात टाकून विसरू नये. परकीय नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत विकाव्या लागतात. परंतु विकताना खरेदीपेक्षा कमी भाव मिळतो, म्हणून मुळातच गरजेपुरते घेणे हेच शहाणपणाचे.

आमचे स्नेही आता पुढच्या सुट्टीच्या तयारीत आहेत. या खेपेस दिरहमचे पैसे ते खात्यातून देणार आहेत. पाच हजार रुपयांपेक्षा व्याजाचा तो एक आकडा आपल्याला अधिक टोचला, असे ते म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी गेल्या वर्षी असे चलन घेतले असेल, त्यांनी त्या महिन्याचे विवरणपत्र एकदा काढून पाहावे.