‘मी वर सांगितलं होतं’ : पेन स्टेटमध्ये नेमकं काय चुकलं?

आजचा एपिसोड जरा जड आहे. विषय लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा आहे. तपशील मी गरजेपुरतेच घेतलेत, तरी नको वाटलं तर इथेच थांबा, काही हरकत नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

प्रश्न साधा आहे. कॉलेजच्या टीममध्ये, मैदानावर, चेंजिंग रूममध्ये काहीतरी भयंकर घडताना तुम्ही पाहिलंत. तुम्ही जाऊन सरांना सांगितलंत. तुमची जबाबदारी संपली का?

बहुतेक जण म्हणतील, ‘हो, आपण आपलं काम केलं.’ अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात एकामागून एक चार-पाच जणांना असंच वाटलं. त्याची किंमत मुलांनी मोजली.

गाव, टीम आणि कोच

आधी माहोल समजून घेऊ. पेन्सिल्वेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे आणि तिथे पेन स्टेट विद्यापीठ. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं इंटर-कॉलेज नव्हे. विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्या वानखेडेवर साधारण ३३ हजार बसतात, म्हणजे हे तिप्पट. मुख्य कोच जो पॅटर्नो १९६६ पासून त्याच खुर्चीत होते. गावात त्यांना देवासारखा मान.

त्यांच्या हाताखाली तीस वर्षं असिस्टंट कोच होता जेरी सॅन्डस्की. त्यानेच १९७७ मध्ये ‘द सेकंड माइल’ नावाची संस्था काढली, अडचणीत असलेल्या मुलांना मदत करण्यासाठी. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण विद्यापीठात त्याला ऑफिस होतं, टीमच्या इमारतीच्या चाव्या होत्या, येण्या-जाण्याची पूर्ण मोकळीक होती. आणि तो संस्थेतल्या मुलांना तिथे घेऊन यायचा.

जून २०१२ मध्ये कोर्टाने त्याला ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरवलं. शिक्षा झाली ३० ते ६० वर्षांची. हे सगळं उघड झालं ते नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा. पण कुणाला ना कुणाला माहीत होतं ते कितीतरी आधीपासून.

एक बातमी, पाच माणसं

९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. माइक मॅक्वेरी हा २६ वर्षांचा तरुण, टीमचा माजी क्वार्टरबॅक आणि त्या वेळी ग्रॅज्युएट असिस्टंट. म्हणजे कोचिंगच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर. तो टीमच्या इमारतीत गेला आणि शॉवरमध्ये सॅन्डस्की एका लहान मुलाबरोबर त्याला दिसला. जे दिसलं ते लैंगिक होतं, असं त्याने नंतर शपथेवर सांगितलं. त्याने वडिलांना फोन केला आणि त्या रात्री त्यांच्याकडे गेला. पोलिसांना फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पण एवढ्या मोठ्या माणसासमोर, आदरापोटी, सगळे शब्द उच्चारले नाहीत. त्याहून पुढच्या दिवशी पॅटर्नोंनी ही गोष्ट टिम कर्ली या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांना सांगितली. साधारण दहा दिवसांनी मॅक्वेरीला कर्ली आणि गॅरी शुल्ट्झ यांनी बोलावून घेतलं. शुल्ट्झ विद्यापीठाचे उपाध्यक्ष होते आणि कॅम्पस पोलीस त्यांच्या अखत्यारीत येत. त्यामुळे मॅक्वेरीला वाटलं, आता हे पोलिसांपर्यंत पोचलंच. शेवटी प्रकरण अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेलं.

आता त्या शब्दांचं काय झालं ते बघा. मॅक्वेरीने पाहिलं ते लैंगिक कृत्य. पॅटर्नोंनी ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं की प्रकार लैंगिक स्वरूपाचा होता असं त्यांना कळलं होतं. कर्ली आणि स्पॅनियर यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्यापर्यंत आली ती शॉवरमधली मस्ती, धांगडधिंगा. एकेक पायरी चढताना बातमी सौम्य होत गेली. मधल्या प्रत्येकाने शब्द थोडा गुळगुळीत केला, कारण समोरचा मोठा होता किंवा विषय लाजिरवाणा होता.

वरच्या तिघांनी आधी ठरवलं होतं की राज्याच्या बालकल्याण खात्यालाही कळवायचं. मग पॅटर्नोंशी बोलणं झाल्यावर कर्ली यांचं मन बदलल्याचं त्यांच्याच ईमेलमध्ये आहे. नवं ठरलं ते असं : सॅन्डस्कीशी बोलायचं, मुलांना इथे आणू नको म्हणायचं आणि त्याच्या संस्थेला कळवायचं. स्पॅनियर यांनी मान्यता दिली. त्याच ईमेलमध्ये त्यांनी हेही लिहिलं की त्याने ऐकलं नाही, तर ‘कळवलं नाही’ म्हणून आपणच अडचणीत येऊ शकतो. म्हणजे धोका दिसत होता, पण तो विद्यापीठाला असलेला धोका.

आणि शॉवरमधला तो मुलगा? तो कोण होता, कुठे राहतो, बरा आहे का, हे शोधण्याचा प्रयत्न यांच्यापैकी एकानेही केला नाही. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

कायद्यात बसलं, तरीही

पेन्सिल्वेनियाचा तेव्हाचा कायदा असा होता की संस्थेतल्या कर्मचाऱ्याने संस्थेच्या प्रमुखाला सांगायचं आणि प्रमुखाने पुढे यंत्रणेला कळवायचं. त्या हिशोबाने मॅक्वेरी आणि पॅटर्नो दोघांचं काम झालं. पॅटर्नोंवर कधीच गुन्हा दाखल झाला नाही. पण अटकेनंतर राज्याचे पोलीस आयुक्त फ्रँक नूनन यांनी जाहीरपणे विचारलं : कायद्याची अट पाळली असेल, पण माणूस म्हणून जी नैतिक जबाबदारी असते, तिचं काय?

हे मी माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे बग सापडला की टिकेट काढतात. ते दुसऱ्याला असाइन केलं की आपल्या यादीतून जातं आणि जिवाला बरं वाटतं. बग मात्र तिथेच असतो. असाइन होणं वेगळं आणि क्लोज होणं वेगळं, हे नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत कळतं. पेन स्टेटमध्ये टिकेट पाच वेळा असाइन झालं. सॅन्डस्की विद्यापीठात येत राहिला, हे मॅक्वेरीलाही दिसत होतं आणि पॅटर्नोंनाही. कुणी मागे वळून ‘त्याचं पुढे काय झालं?’ हे लावून धरलं नाही. ज्या गुन्ह्यांसाठी त्याला शिक्षा झाली, त्यातले काही २००१ नंतरचे आहेत.

‘पण मला खात्री कुठे होती?’

हा आपल्या सगळ्यांच्या मनातला खरा अडथळा. आपण चुकलो तर? एखाद्या भल्या माणसाचं नाव खराब झालं तर?

याचं उत्तर १९९८ मध्ये आहे. त्या वर्षी एका आईने तक्रार केली होती की सॅन्डस्कीने तिच्या ११ वर्षांच्या मुलाबरोबर शॉवर घेतला. कॅम्पस पोलिसांनी चौकशी केली, पण सरकारी वकिलांनी खटला भरला नाही आणि फाइल बंद झाली. म्हणजे तक्रार केली की न्याय मिळतोच असं नाही, हे मान्य. पण त्या तक्रारीमुळे एक नोंद झाली. २००१ मध्ये दुसरी तक्रार पोलिसांकडे गेली असती, तर तीच इमारत नसली तरी तोच माणूस, तोच प्रकार, दुसरा मुलगा, असं चित्र तपास करणाऱ्यांसमोर आलं असतं.

मधे २००० मध्ये एका सफाई कामगारानेही असाच प्रकार पाहिला. तो कोरियन युद्धात लढलेला माणूस होता, तरी तो हादरून गेला. त्याने सहकाऱ्यांना सांगितलं, पण नोकरी जाईल या भीतीने कुणीच पुढे कळवलं नाही.

आता तीन तुकडे मोजा : १९९८, २०००, २००१. प्रत्येकाच्या हातात एकच तुकडा होता आणि एका तुकड्यावरून खात्री होत नाही. तुकडे जोडण्याचं काम तपास यंत्रणेचं. पण तुकडा तिथपर्यंत पोचलाच नाही तर जोडणार काय? म्हणून खात्री करणं, पुरावा गोळा करणं, निवाडा करणं हे पाहणाऱ्याचं काम नाहीच. पाहिलेलं जसंच्या तसं योग्य जागी पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि तेवढं मात्र त्याचंच.

शेवटी प्रकरण फुटलं तेही २००८ मध्ये दुसऱ्या एका मुलाच्या आईमुळे. दोन्ही वेळा यंत्रणेपर्यंत गेल्या त्या आयाच, फुटबॉलच्या वर्तुळाबाहेरच्या.

भीती खोटी नव्हती

सफाई कामगारांची भीती उगाच नव्हती. नोव्हेंबर २०११ मध्ये विद्यापीठाने पॅटर्नोंना काढलं, त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एका चॅनेलची व्हॅन उलटवली. मुलांसाठी नव्हे, कोचसाठी! मॅक्वेरीची नोकरी गेली. त्याने विद्यापीठावर दावा लावला आणि २०१६ मध्ये जिंकलाही, पण कोचिंगचं करिअर गेलं ते गेलंच.

गप्प बसल्यानेही काही वाचलं नाही. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरले, तिघांनाही तुरुंगाची शिक्षा झाली. विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड झाला आणि पीडितांना भरपाई म्हणून १० कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागले. ज्या नावासाठी गप्प बसले, ते नावच गेलं. पुढे पेन्सिल्वेनियाने २०१४ मध्ये कायदा बदलला : आता ज्यांच्यावर कळवण्याची सक्ती आहे, त्यांनी थेट यंत्रणेला कळवायचं. साहेबाला सांगून सुटका नाही.

आपल्याकडे काय?

हे भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. आपला पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाला आहे हे कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. प्राचार्यांना नव्हे, पोलिसांना. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

आणि ‘आम्ही तर कॉलेजला आहोत’ म्हणू नका. अकरावी-बारावीची मुलं-मुली १६-१७ वर्षांची असतात. ज्युनियर कॉलेजच्या कबड्डी किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या टीममधली जवळपास सगळी पोरं या कायद्यात येतात.

हे कलम नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा हायकोर्टाने रद्द केला होता. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट सांगितलं.

पीडित व्यक्ती १८ च्या वरची असेल तर गणित बदलतं. तिथे निर्णय तिचा. आपण सोबत राहायचं आणि कॉलेजच्या अंतर्गत समितीचा रस्ता दाखवायचा. २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि स्टेडियमसुद्धा ‘कामाचं ठिकाण’ म्हणून मोजले जातात.

मग लहान मुलाच्या बाबतीत नेमकं करायचं काय? मूल त्या क्षणी धोक्यात असेल तर आधी आवाज करा, माणसं गोळा करा, ११२ लावा. एरवी पाहिलेलं-ऐकलेलं त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेवा. शब्द सौम्य करू नका. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. १०९८ ही चाइल्डलाइन किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. कायद्यानुसार तुमच्या माहितीची लेखी नोंद होऊन तिला नोंद क्रमांक मिळायला हवा, तो मागून घ्या. सरांना, प्राचार्यांना जरूर सांगा, पण याच्या जोडीला. मुलाचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकू नका, ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि आठवड्याने विचारा : पुढे काय झालं?

‘मी वर सांगितलं होतं’ हे वाक्य पेन स्टेटमध्ये जवळपास प्रत्येकाकडे होतं. मुलांच्या ते काहीच कामाचं नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. एक काम करा : १०९८ हा नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह करा आणि हा एपिसोड तुमच्या टीमच्या ग्रुपवर पाठवा, कोचसकट. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, एकमेकांचीही.