नाथसागराची कड

वन्यजीव पाहण्याची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिका उभी राहते. केनियातील शाळांत १९६८ पासून वन्यजीव मंडळे चालत आली आहेत आणि त्या मंडळांची मुले नाकुरू सरोवराच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन रोहित पक्षी पाहतात. हेवा वाटावा अशीच ही गोष्ट! परंतु करमाडहून शहरमार्गे पैठण गाठले तर तो रोहित आपल्यालाही भेटू शकतो. आपल्या निसर्ग मंडळाची यंदाची सहल नाथसागरावर गेली होती. परतल्यावर जो तो एकच प्रश्न विचारीत होता : रोहित किती दिसले? या प्रश्नाचे उत्तर पक्ष्यांपेक्षा पाण्याच्या हाती आहे, आणि ते कसे हे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. (मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची. धरण पैठणला झाले, नाव मात्र तेच राहिले.) दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि २७ दरवाजे असे हे धरण. त्याच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. आज ज्या काठावर आपण दुर्बीण रोखतो, तो काठ कुणाचे तरी शेत होते, हे सहलीला जाणाऱ्याने मनात ठेवावे. १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले.

डोंगराळ मुलखातील धरणाचे पाणी खोल असते. येथे तसे नाही. गोदावरीचे खोरे सपाट, म्हणून पाणी दूरवर पसरले आहे आणि कडेला उथळ आहे. पातळी हातभर उतरली तरी काठ पुष्कळ मागे सरकतो आणि ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, अळ्या, शंख-शिंपले असतात. शेकाट्या, तुतारी, चिखल्या यांची ती पंगतच म्हणा ना! प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी, त्यामुळे एकाच चिखलात कुणी वरवर टिपतो, तर कुणी खोलवर खुपसतो. रोहित थोडा आत, गुडघाभर पाण्यात उभा राहतो. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करीत सूक्ष्म जीव गाळून घेतो. त्याच्या पंखांचा रंगही त्या अन्नातूनच येतो. खोल पाण्यात त्याला पोहता येते, पण तेथे तळाशी चोच पोचत नाही.

आता गंमत पाहा. धरण काठोकाठ भरले की आपल्या मराठवाड्यात पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा शून्यावर आला होता, हे कोण विसरेल? पण भरल्या धरणात उथळ कड बुडून जाते, आणि पाणी उतरेपर्यंत चिखलातल्या पक्ष्यांना थारा राहत नाही. यंदा आम्ही गेलो तेव्हा तीच स्थिती होती. रोहित दिसले नाहीत, वारकरी मात्र भरपूर. काळे अंग आणि कपाळी पांढरा टिळा असलेल्या या पाणकोंबडीसारख्या पक्ष्याला वारकरी हे नाव ज्याने दिले त्याला दाद द्यावी, आणि तो दिसावा एकनाथांच्या पैठणात!

नाकुरूची कथाही याहून फार निराळी नाही. २०१० नंतर तेथील पाणी वाढत गेले, त्याचा खारेपणा पातळ झाला, आणि लहान रोहित ज्या शेवाळावर जगतात ते कमी झाले. रोहितांचे मोठे थवे बोगोरिया सरोवराकडे निघून गेले. म्हणजे तेथेही विपुल पाण्यानेच पाहुण्यांना वाट दाखवली.

पाणी ओसरल्यावरही सारे सुरळीत होते असे नाही. उघड्या जमिनीत गाळपेर होते, गहू-हरभरा उभा राहतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिवसा काठावर विसावतात आणि रात्री त्या कोवळ्या पिकात उतरतात. शेतकरी त्यांना हाकलतो, त्याला दोष कसा द्यावा? नदी सुरय तर बेटांच्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. कालव्यांना पाणी सुटले, पातळी घसरली, बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि गुरे थेट घरट्यांपर्यंत पोचतात.

त्यात आता या पाण्यावर तरंगते सौर पटल बसवून वीज निर्माण करण्याची योजना आली आहे. मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली, परंतु २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. वीज आपल्यालाही हवी आहे. करमाड-शेंद्र्याचे कारखाने उन्हाकडे पाहून चालत नाहीत. माझ्या मते, खरा प्रश्न पटल कोठे तरंगणार हा आहे. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात आणि उथळ कडेवर त्यांचा परिणाम सारखा होणार नाही. तो फरक नकाशावर मांडायचा तर कोणत्या महिन्यात कोणत्या काठावर कोणते पक्षी असतात याच्या नोंदी हव्यात, आणि त्या वर्षानुवर्षांच्या हव्यात.

अशा नोंदी ठेवायला शास्त्राची पदवी लागत नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तीत कुणालाही भाग घेता येतो. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा, भडक कपडे टाळावेत, छायाचित्रासाठी थवा उडवू नये. वहीत जात आणि संख्या लिहावीच, पण त्या दिवशी धरणात पाणी किती टक्के होते तो आकडाही अवश्य लिहावा. तो वर्तमानपत्रात छापून येतो.