बंबासाठी आरामशिनीचे लाकूड

आरामशिनीवर ओंडका चौकोनी करताना चारी बाजूंनी सालीसकट फाळके निघतात. मग कडेच्या पट्ट्या, लहान तुकडे आणि करवतीखाली साचणारा भुसा. भिलाई-दुर्ग परिसरात साग, सालवृक्ष, बीजा ही छत्तीसगडच्या जंगलांतली लाकडे आणि धानाच्या बांधावरची बाभूळ परिचयाची आहेत. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. तिथल्या नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना अशा सरपणावर चालणारा तांब्याचा बंब नवा नाही.

बंबाच्या मधून उभी नळी जाते. तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि नळीभोवती पाणी. वरून गार पाणी ओतले की ते तळाशी उतरते आणि तापलेले पाणी तोटीतून बाहेर पडते. बंब उघडा असल्याने वाफेचा दाब साठत नाही. बंद बॉयलरला मात्र सुरक्षा झडप हवीच. पाणी भरण्याआधी बंब कधीही पेटवू नये, सांधे उकलतात.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. ताज्या कापलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करायलाच 540 किलोकॅलरी खर्ची पडतात. ओलावा 15 ते 20 टक्क्यांवर आला की किलोमागे सुमारे 3,500 ते 4,000 किलोकॅलरी मिळतात. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला 600 किलोकॅलरी लागतात. एक तृतीयांश उष्णता पाण्याला मिळते असे धरले, तर अर्धा किलो सुक्या ढलप्यांत काम भागते. ओल्या लाकडात यापेक्षा कितीतरी जास्त सरपण जाते आणि घरभर धूर होतो तो वेगळाच.

लाकूड तापले की त्यातून आधी वाफ आणि मग ज्वलनशील वायू निघतात. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता याच वायूंत असते. विस्तव थंड राहिला तर ते न जळताच वर जातात आणि नळीत डांबरासारखा चिकट थर धरतात. म्हणून नळी ठासून भरण्यापेक्षा थोडे-थोडे लाकूड घालून जाळ मोकळा ठेवावा. फाळके पातळ असल्याने एप्रिल-मेच्या उन्हात लवकर वाळतात. पावसाळ्याआधी ते पत्र्याखाली, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असे रचावेत. भुसा सुटा टाकला की विस्तव गुदमरतो. त्यासाठी मधे भोक ठेवून ठासलेली भुशाची शेगडीच बरी.

प्लायवूड, लॅमिनेट, रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूड बंबात कदापि घालू नये. प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी वायू सुटतात, जुन्या रंगात शिसे असू शकते आणि काही औषधांत आर्सेनिक असते. ते राखेतही उरते. सुतारकामाच्या दुकानातल्या ढिगात हे सारे मिसळलेले असते. म्हणून थेट आरामशिनीवरून घेतलेला माल अधिक भरवशाचा.

बंद न्हाणीघरात बंब पेटवणे सर्वांत धोक्याचे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून हा वायू निघत राहतो. बंब अंगणात किंवा पडवीत ठेवावा. नळीतली काजळी नियमित खरवडावी. तिचा थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. शुद्ध लाकडाची राख पोटॅशयुक्त आणि अल्कधर्मी असते. ती भांडी घासायला चालते, परसातल्या आम्लधर्मी मातीतही थोडी मिसळता येते.