तापीची पातळी किती, याआधी विचारा : केव्हाची?

बुऱ्हाणपूर : पावसाळ्यात तापी चढू लागली की राजघाटापासून खाली रावेर, मुक्ताईनगर, भुसावळपर्यंत एकच प्रश्न फिरतो, 'पाणी किती आलं?' मोबाईलवर आकडा लगेच येतो. पण तो केव्हा मोजला, हे कुणी विचारत नाही.

मुलताईला उगम पावणारी तापी बुऱ्हाणपूर ओलांडून महाराष्ट्रात शिरते. बुऱ्हाणपूरला केंद्रीय जल आयोगाचं जलमापन केंद्र आहे. इथली पातळी वेळेवर कळली, तर खाली ४१ दरवाजांच्या हतनूर धरणावर आणि पुढे गुजरातमधील उकाईवर तयारीला वेळ मिळतो.

अडचण अशी, की दूरवर मोजलेला आकडा पोहोचायला दरवेळी सारखाच वेळ लागत नाही. वीज जाते, नेटवर्क अडकतं. कधी मिनिट लागतं, कधी तास. समजा, पाणी तासाला अर्धा मीटर चढतंय आणि दुपारी २ वाजताचा आकडा ४ वाजता हाती आला. तोवर नदी एक मीटर वर गेलेली असते. आकडा खोटा नसतो, शिळा असतो.

मग दर सेकंदाला आकडा पाठवला तर? उलट घोळ वाढतो. अरुंद पुलावर गाड्या तुंबाव्यात तशी आकड्यांची रांग लागते आणि ताजा आकडा जुन्यांच्या मागे अडकतो. फार थांबून पाठवला, तरीही माहिती जुनी होतेच. अमेरिकेतील संशोधक कौल, येट्स आणि ग्रुटेसर यांनी २०१२ मध्ये याचं गणित मांडलं. साध्या रांगेच्या नमुन्यात माहिती सर्वांत ताजी राहते, ती वाहिनी जवळपास निम्मा वेळ मोकळी ठेवली तेव्हा.

दुसरा उपाय सोपा आहे : नवा आकडा आला की रांगेतला जुना काढून टाकायचा. पुढचा अंदाज बांधायला जुन्या नोंदी लागतात, त्या नंतर सावकाश पाठवता येतात. इशाऱ्यासाठी मात्र ताजी पातळीच आधी पोहोचायला हवी.

व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्डही असेच शिळे होतात. मेसेज आत्ता आला म्हणजे पातळी आत्ताची, असं नाही. म्हणून पातळी पुढे पाठवताना ठिकाण, तारीख आणि मोजल्याची वेळ लिहा. वेळ नसलेल्या आकड्यावर विसंबून नदीकाठची गुरं, मोटारपंप किंवा माणसं तिथंच ठेवू नका. प्रशासनाचा ताजा इशारा बघा.