टेपवरचा बॅकअप : ड्राइव्ह घेण्यापूर्वी

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झाले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी धोक्यात आल्या. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. मात्र कुलाब्याची उपकरणे लगेच बंद झाली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी समांतर घेऊन ताडून पाहण्यात आल्या. त्यामुळेच ही नोंदमालिका अखंड राहिली. बॅकअपची यंत्रणा बदलणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने हा खटाटोप ध्यानात ठेवावा असा आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर हा विषय पुस्तकी नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि अनेक गावांची वीज कित्येक दिवस गेली. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. अशा वेळी संगणकाशेजारच्या टेबलावर ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क संगणकाबरोबरच जाते. टेपचे कार्ट्रिज मात्र पिशवीत घालून दुसऱ्या गावी नेता येते. कपाटात असताना त्याला वीज लागत नाही आणि खंडणीखोर व्हायरसही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गुगलने ती टेपवरूनच परत आणली होती.

तरीही टेप सर्वांसाठी नाही. दोन-तीन टेराबाइट माहिती असलेल्या कार्यालयाने आलटून पालटून दोन-तीन डिस्क वापरणेच शहाणपणाचे. नव्या टेप ड्राइव्हची किंमत लाखांच्या घरात जाते. स्वस्त असते ते कार्ट्रिज. चित्रीकरण, सर्वेक्षण किंवा वैद्यकीय प्रतिमा वर्षानुवर्षे जपायच्या असतील, तेथेच हा हिशेब जुळतो.

डॅट, डीएलटी, एआयटी हे जुने प्रकार आता मागे पडले असून व्यवहारात एलटीओ हाच पर्याय उरला आहे. २००० मधील पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजवर १०० गिगाबाइट मावत. एलटीओ-९ वर १८ टेराबाइट मावतात. वेष्टनावरचा मोठा आकडा संकोचन गृहीत धरलेला असतो. छायाचित्रे व चित्रफिती आधीच संकोचित असल्याने त्यांच्यासाठी लहान आकडाच खरा मानावा. दुसरी मेख सुसंगततेची. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत. एलटीओ-८ व ९ फक्त एकच मागची पिढी वाचतात आणि एलटीओ-१० तर जुनी एकही नाही. म्हणजे नवा ड्राइव्ह आला म्हणून जुना भंगारात देता येत नाही.

खरी डोकेदुखी सुरू होते ती जोडणीपासून. ड्राइव्ह बहुधा एसएएस कार्डाला जोडावा लागतो. रेड कार्डाला जोडल्यास तो अनेकदा दिसतच नाही. विंडोजमधील अंगभूत बॅकअपने व्हिस्टापासून टेपची साथ सोडली, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. काही सॉफ्टवेअर स्वतःचा ड्रायव्हर आणतात आणि उत्पादकाच्या ड्रायव्हरशी त्यांचे भांडण जुंपते. म्हणून दोन्ही कंपन्यांची सुसंगतता यादी खरेदीपूर्वीच तपासावी. लिनक्समध्ये ड्रायव्हर अंगभूत असतो, पण तेथेही एक सापळा आहे. 'एसटी-०' या नावाने लिहिल्यास काम संपताच टेप आरंभाला गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप आधीच्यावरच लिहिला जातो. 'एनएसटी-०' वापरल्यास तसे होत नाही. एलटीओ-५ पासून एलटीएफएस ही खुली पद्धतही उपलब्ध आहे. तिच्यामुळे टेप डिस्कसारखी उघडते आणि एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर कायमचे अवलंबून राहावे लागत नाही.

वेगाकडेही पाहावे. हल्लीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या आसपास लिहितो. असंख्य छोट्या फाइली असलेली साधी डिस्क त्याला पुरी पडत नाही. मग टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते आणि टेप व ड्राइव्ह दोन्ही झिजतात. माहिती आधी एसएसडीवर गोळा करून मग टेपवर पाठवणे हा त्यावरचा उपाय.

दीर्घकालीन साठवणीसाठी टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यातील अलिबाग-मुरूडची हवा यात कुठेच बसत नाही. सिलिका जेलसह हवाबंद डबा हा किमान बंदोबस्त. त्याहून बरे म्हणजे एक संच किनाऱ्यापासून दूर वातानुकूलित जागी ठेवणे. तेथून आणलेले कार्ट्रिज लगेच ड्राइव्हमध्ये न घालता चोवीस तास खोलीच्या हवेत राहू द्यावे. मे महिना संपण्याआधी त्यातले एखादे काढून दुसऱ्याच संगणकावर निवडक फाइली परत उतरवून पाहाव्यात, आणि त्या उघडत असतील तरच मूळ डिस्कवरची जागा मोकळी करावी.