व्यालेल्या कुत्रीचा सांसर्गिक रोग व पिल्लांचे संरक्षण

पिकाची राखण आणि मेंढरांच्या कळपाचे लांडग्यापासून रक्षण या कामी कुत्र्याचा उपयोग प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. गाय अथवा म्हैस व्याली म्हणजे वासराकडे घरातील सर्वांचे लक्ष असते. परंतु कुत्रीची पिल्ले बहुधा दैवावर सोडली जातात. अशा वेळी कुत्रीस सांसर्गिक रोग जडल्यास थोड्याच दिवसांत सर्व पिल्ले दगावण्याचा संभव असतो. वेळीच काळजी घेतल्यास त्यांतील पुष्कळशी वाचविता येतात.

रोगाची ओळख

दोन रोग विशेष घातक आहेत. पहिला पार्व्हो. हा रोग १९७८ साली प्रथम ओळखला गेला. यात कुत्री खाणे सोडते, वारंवार ओकते व तिला दुर्गंधीयुक्त, पुष्कळदा रक्तमिश्रित हगवण लागते. रोगाचे विषाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. दुसरा रोग डिस्टेंपर. यात ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव वाहतो, खोकला होतो आणि पुढे झटके येऊ लागतात. हा रोग मुख्यतः श्वासावाटे व नाकातील स्रावामुळे पसरतो. पिल्ले आईला चिकटून निजतात आणि ती त्यांना सतत चाटते. त्यामुळे संसर्गास विलंब लागत नाही.

पिल्ले केव्हा तोडावीत?

आई आजारी दिसताच पिल्ले तोडावीत असा सरसकट नियम नाही. लूत झाली असल्यास आई व पिल्ले या सर्वांवर एकाच वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार करावा. गुरांच्या गोचिडांवर वापरावयाचे औषध पिल्लांच्या अंगास कदापि लावू नये. त्याने विषबाधा होते. पार्व्हो किंवा डिस्टेंपरचा संशय असल्यास मात्र पशुवैद्यास त्वरित दाखवून पिल्ले निराळी करावीत.

जन्मून एक दिवसही झाला नसेल, तर चिकाचा विचार अगत्याचा आहे. रोगप्रतिकारक शक्तीचा बहुतेक भाग पिल्लांना चिकातूनच मिळतो आणि तो शोषून घेण्याची आतड्याची क्षमता सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून अशा पिल्लांना आईपासून तोडण्यापूर्वी पशुवैद्याचे मत घ्यावे.

तोडलेल्या पिल्लांना दुसऱ्या व्यालेल्या कुत्रीकडे देण्याचा मोह आवरावा. त्यांच्या अंगी रोग आधीच शिरलेला असू शकतो व तो तिला आणि तिच्या पिल्लांनाही लागेल. त्यांना दोन आठवडे तरी इतर कुत्र्यांपासून दूर ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

ऊब व वरचे दूध

पहिल्या आठवड्यात पिल्लास स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. खोक्यात जुनी धडुती अंथरून, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूस ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास पिल्लास दूर सरकता येते. अंग गार पडलेल्या पिल्लास प्रथम ऊब द्यावी, मगच दूध पाजावे. गार पिल्लास दूध पचत नाही.

कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. त्यामुळे नुसते गाईचे दूध पुरत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी, पिल्लांसाठी तयार केलेली दूध-भुकटी उत्तम. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवस काय पाजावे, हे पशुवैद्यास विचारावे. पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनास दिवसाला १५ ते २० मिलिलिटर दूध लागते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या पिल्लास ६० ते ८० मिलिलिटर. ते दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, कोमट करून द्यावे. पिल्लास पोटावर ठेवूनच पाजावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ओल्या कापसाने शेपटीखालील भाग हलके पुसावा, म्हणजे मलमूत्र सुटते. हे काम एरव्ही आई चाटून करते. रोज वजन करावे; वजन वाढत नसल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

स्वच्छता

शक्यतो आई व पिल्ले यांची व्यवस्था दोन निरनिराळ्या माणसांनी पाहावी. एकच माणूस असल्यास त्याने पिल्लांचे काम आधी व आईचे नंतर करावे आणि हात, पादत्राणे व कपडे धुवावेत. प्रथम घाण काढून जागा धुवावी. नंतर घरगुती पातळ ब्लीच १ भाग व पाणी ३० भाग असे द्रावण शिंपून दहा मिनिटे राहू द्यावे. घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते.

पिसाळ रोगाचा संशय

कुत्री एकाएकी चवताळत असेल, तिची लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल किंवा तिला गिळता येत नसेल, तर तिला वा पिल्लांना कोणीही हात लावू नये. मुलांना दूर ठेवून पशुवैद्यास कळवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते; लस वेळेवर घेतल्यास मात्र रोग टळतो.

लसीकरण

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुत्री गाभण राहण्यापूर्वीच तिला लस टोचून घेणे. तिचे संरक्षण चिकावाटे पिल्लांस मिळते. ते हळूहळू ओसरते, म्हणून पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पार्व्हो व डिस्टेंपरची लस द्यावी. सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळ रोगाची लस टोचावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गुरांच्या लसीकरणाच्या वेळी शेतकऱ्यांना कुत्र्यांचीही आठवण करून द्यावी.