खेळतो, करतो, जातो… इंग्रजीत काय बोलतो?

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या अवघड प्रश्नांची तयारी सगळेच करून जातात. गाडी अडते ती सोप्या प्रश्नावर. 'व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम?' उत्तर मनात तयार असतं. सकाळी पोहायला जातो, संध्याकाळी ग्राउंडवर व्हॉलीबॉल, रविवारी ट्रेक. तोंडातून निघतं, 'आय डू स्विमिंग, आय डू व्हॉलीबॉल, आय डू ट्रेकिंग…' तिसऱ्या 'डू'ला आपलं आपल्यालाच खटकतं आणि आवाज खाली जातो.

हा 'डू' येतो कुठून? आपल्या मराठीतूनच, भो! इंग्रजी शब्द उचलायचा आणि पुढे 'करणे' जोडायचं. फोन केला, जॉगिंग केलं, जिम केली. मराठीत हे झकास चालतं. इंग्रजीत मात्र कुठल्या खेळाला कुठलं क्रियापद, हे बरंचसं ठरलेलं आहे.

गंमत म्हणजे, जरा जुन्या वळणाची मराठी आठवली की हाच फरक आपल्याकडेही सापडतो. आपण खो-खो 'खेळतो', व्यायाम 'करतो' आणि पोहायला 'जातो'. प्ले, डू आणि गो साधारण याच वाटेने चालतात. समोर प्रतिस्पर्धी असलेला डाव म्हणजे प्ले. प्ले कबड्डी, प्ले कॅरम, प्ले चेस. एकट्याने करायची कसरत म्हणजे डू. डू योगा, डू अ‍ॅथलेटिक्स. घराबाहेर पडून करायच्या गोष्टीला बहुतेक वेळा गो, म्हणजे गो स्विमिंग, गो सायकलिंग, गो ट्रेकिंग. कुस्ती मात्र या हिशेबात बसत नाही. आपण ती खेळतो, पण 'प्ले रेसलिंग' कुणी म्हणत नाही. सरळ 'आय रेसल' म्हणायचं.

'गो'मध्ये आणखी एक खड्डा आहे. 'पोहायला' यातल्या 'ला'मुळे आपण 'गो टू स्विमिंग' म्हणून मोकळे होतो. तिथे 'टू' नको. 'टू' लागतो ठिकाणाला, जसं 'गो टू द जिम'. मेहरूण तलावावर रोज चक्कर मारत असाल तर 'आय गो फॉर अ वॉक'. धुळेकरांनी लळिंगचा किल्ला चढला असेल तर 'वी वेंट ऑन अ ट्रेक टू लळिंग'. तीन लहानसे शब्द, टू, फॉर आणि ऑन, पण अडखळतो आपण तिथेच.

जिंकण्या-हरवण्याचं प्रकरण तर आणखी वेगळं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. दोन्ही फायनलमध्ये भारतासमोर नेपाळ होता आणि दोन्ही आपण जिंकलो. हे इंग्रजीत सांगताना कप 'विन' करतात, पण समोरच्या टीमला 'बीट' करतात. 'इंडिया वन द कप' आणि 'इंडिया बीट नेपाळ'. 'इंडिया वन नेपाळ' म्हटलं तर नेपाळ देशच बक्षीस मिळाला असं वाटेल.

क्रिकेटमध्ये अशी चूक आपल्याकडून सहसा होत नाही. 'हिट अ सिक्स', 'टेक अ विकेट', 'ड्रॉप अ कॅच' हे कुणी फळ्यावर शिकवलं नाही. कॉमेंट्री ऐकून जोड्याच्या जोड्या डोक्यात बसल्या. बाकीच्या खेळांचे शब्दही असे जोडीनेच पाठ होतात. वहीत एकटं 'स्विमिंग' लिहून ठेवण्यापेक्षा 'गो स्विमिंग' लिहिलेलं बरं. इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न 'लास्ट कधी गेला होतास?' असा आला, तरी 'आय वेंट लास्ट संडे' आपोआप निघतं.

खेळच सांगायला हवा असंही नाही. गाणी ऐकत असाल तर 'हिअर साँग्ज' नको, 'लिसन टू म्युझिक' म्हणा. मित्रांसोबतचा 'टाइमपास' भारताबाहेरच्या माणसाला कळेलच असं नाही, 'हँग आउट विथ फ्रेंड्स' कळेल. आणि थंडीत शेतावर रंगते ती आपली भरीत पार्टी? तिथेही 'डिड' नाही. 'वी हॅड अ भरीत पार्टी ऑन अ फार्म.' समोरचा 'व्हॉट इज भरीत?' असं विचारणारच. मग 'वी रोस्ट द ब्रिंजल्स ओव्हर कॉटन स्टॉक्स'पासून सुरू करा.